न्यूट्रिनोजन्य पायॉन निर्मिती

न्यूट्रिनो प्रोटॉनवर, न्यूट्रॉनवर किंवा अख्ख्या अणुकेंद्रावर आदळून पायॉन निर्माण होण्याची प्रक्रिया. सुमारे १ गिगॅ-इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेच्या आसपास तिचा मुख्य मार्ग डेल्टा (१२३२) या अनुस्पंदनातून जातो. म्यूऑन न्यूट्रिनो प्रोटॉनवर आदळला की म्यूऑन व दुहेरी धनभारित डेल्टा तयार होतात. हा डेल्टा लगेच फुटून प्रोटॉन आणि धन पायॉन देतो. या प्रक्रियेचे राइन व सेहगल यांनी १९८१ मध्ये मांडलेले प्रतिमान पुढे दीर्घकाळ वापरात राहिले. क्वचित अणुकेंद्र अभंग राहते आणि पायॉन जवळजवळ न्यूट्रिनोच्या दिशेनेच निघतो. ही सुसंगत निर्मिती होय.

खरी अडचण अणुकेंद्राच्या आत आहे. तयार झालेला पायॉन बाहेर पडेपर्यंत विखुरतो, भार बदलतो किंवा शोषलाही जातो. शोषला गेला, तर शोधकाला केवळ म्यूऑन व न्यूक्लिऑन दिसतात आणि न्यूट्रिनोची ऊर्जा प्रत्यक्षाहून कमी मोजली जाते. न्यूट्रिनो एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलतात, त्या आंदोलनांच्या अभ्यासात ही चूक परवडणारी नाही. फर्मीलॅबमधील मिनीबून व मिनर्व्हा प्रयोगांची मापने एकाच प्रतिमानात बसवणे अवघड गेले, ते बहुतांशी या अणुकेंद्रीय परिणामांमुळे.

उदासीन पायॉनचा त्रास वेगळा. त्याच्यापासून दोन फोटॉन निघतात. जपानमधील सुपर-कामिओकांडे या शोधकाच्या पाण्यात त्यांपैकी एकच ओळखला गेला, तर त्याचे प्रकाशवलय इलेक्ट्रॉनच्या वलयासारखे दिसते आणि इलेक्ट्रॉन न्यूट्रिनो आल्याचा भास होतो.