हॅडलीव्हिलचे गावकरी

१९५२ साली प्रदर्शित झालेल्या ‘हाय नून’ या अमेरिकी चित्रपटाचे नाव निघाले की डोळ्यांपुढे उभा राहतो तो ओस रस्त्यावरून एकटा चालणारा गॅरी कूपर. एकट्या वीराची गाथा म्हणूनच या चित्रपटाची कीर्ती आहे. आमच्या मते ती अर्धीच खरी. रस्ता ओस का पडला, हा त्याचा मुख्य विषय आहे. आणि पटकथाकार कार्ल फोरमन याच्यावर चित्रीकरणाच्या वेळी काय ओढवले होते हे ठाऊक असल्यावाचून तो विषय पुरता उमगत नाही.

कथानक थोडके आहे. हॅडलीव्हिल गावचा मार्शल, म्हणजे कायद्याचा अंमलदार, विल केन याचे रविवारी सकाळी लग्न लागते. पद सोडून तो पत्नीसह निघणार तोच वार्ता येते, की त्याने ५ वर्षांपूर्वी पकडलेला फ्रँक मिलर सुटला असून दुपारी १२च्या गाडीने परत येत आहे. मिलरचे तीन साथीदार स्टेशनवर त्याची वाट पाहत बसले आहेत. चित्रपट ८५ मिनिटांचा. त्यातील भिंतीवरची घड्याळे जवळजवळ प्रेक्षकाच्या घड्याळाबरोबरच चालतात. तेवढ्या वेळात केन दारोदार माणसे मागत फिरतो.

एक मित्र घरातच लपून, ‘नाहीत’ म्हणून सांगायला बायकोला दारात धाडतो. ज्या न्यायाधीशाने मिलरला शिक्षा दिली, तोच न्यायालयातला ध्वज उतरवून घडी घालतो, कायद्याची पुस्तके खोगिराच्या पिशवीत भरतो आणि अथेन्सच्या इतिहासाचा दाखला देत गाव सोडतो. पण चित्रपटाचा गाभा आहे तो चर्चमधील प्रसंग. केन तेथे मदत मागतो तेव्हा काहीजण तत्काळ उठतातही. मग कोणी म्हणतो, आधी विचार करू. मुलांना बाहेर पाठवले जाते आणि रीतसर चर्चा सुरू होते. आम्ही कर भरतो तो याच कामासाठी, असे एकाचे म्हणणे. मिलरला सोडणाऱ्या राजकारण्यांनीच हे निस्तरावे, असे दुसऱ्याचे. पाद्रीबुवांना काय सांगावे ते कळत नाही. अखेरीस नगराध्यक्ष केनची तोंडभर स्तुती करतात आणि सुचवतात, की उत्तरेकडचे भांडवलदार या गावात पैसा गुंतवू पाहत आहेत. भर रस्त्यात गोळीबार झाला तर गावाचे नाव जाईल. तेव्हा केनने निघून जावे हेच बरे. या सभेत दुष्ट असा कोणीच नाही. प्रत्येकाचे कारण ऐकताना समंजस वाटते, आणि प्रसंगाची धार त्यातच आहे.

ही कारणे फोरमनने स्वतः ऐकलेली होती. १९४७पासून अमेरिकी लोकप्रतिनिधीगृहाची एक समिती चित्रपटसृष्टीतील कम्युनिस्टांचा शोध घेत होती. साक्ष नाकारणाऱ्या दहाजणांना तुरुंगवास झाला होता. पुष्कळांची नावे काळ्या यादीत गेली होती. फोरमन पूर्वी पक्षाचा सभासद होता. २४ सप्टेंबर १९५१ रोजी, चित्रीकरण चालू असतानाच, तो समितीपुढे उभा राहिला. आपण आज सभासद नाही, एवढे त्याने सांगितले. मागचे बोलण्यास आणि इतरांची नावे देण्यास नकार दिला. त्याचा जुना भागीदार स्टॅन्ले क्रेमर त्याच्यापासून दूर झाला. क्रेमरने पुढे आपली बाजू वेगळी मांडली, हे नमूद केले पाहिजे. तथापि सहनिर्माता म्हणून फोरमनचे नाव श्रेयनामावलीतून गेले ते गेलेच. ओळखीचे लोक त्याला टाळू लागले. त्यांच्या तोंडची वाक्ये जवळजवळ तशीच आपल्या संहितेत उतरली, असे त्याने पुढे सांगितले.

दिग्दर्शक फ्रेड झिनेमन यांना मात्र हे राजकीय रूपक मान्य नव्हते. त्यांच्या लेखी ही सदसद्विवेकाची कथा होती. त्यांचे आईवडील नाझींच्या ज्यूसंहारात बळी पडले होते. शेजाऱ्यांनी पाठ फिरवली की काय होते, हे त्यांना फोरमनकडून शिकण्याची गरज नव्हती, असे आम्हांस वाटते.

कूपरची गोष्ट अधिक गुंतागुंतीची. तो कट्टर पुराणमतवादी. १९४७ साली याच समितीपुढे मित्रपक्षाचा साक्षीदार म्हणून गेलेला. तरीही तो फोरमनच्या पाठीशी राहिला, त्याच्या नव्या संस्थेत भाग घेण्यासही तयार झाला. मग दबाव आला, आणि त्याने अंग काढून घेतले. केनसाठी कूपरला मार्च १९५३मध्ये ऑस्कर मिळाले तेव्हा तो समारंभास नव्हता. त्याच्या वतीने ते स्वीकारले जॉन वेन याने, आणि ही भूमिका आपल्याला का मिळाली नाही, अशी थट्टाही केली. हाच वेन फोरमनविरुद्धच्या मोहिमेत अग्रभागी होता. १९७१ साली एका मुलाखतीत त्याने याच चित्रपटाला अमेरिकाविरोधी म्हटले.

फोरमन तोवर इंग्लंडला गेला होता. तेथे त्याने मायकेल विल्सनसह ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ या १९५७च्या चित्रपटाची पटकथा लिहिली. दोघेही काळ्या यादीत असल्याने पडद्यावर नाव आले ते मूळ कादंबरीचे फ्रेंच लेखक पिएर बूल यांचे, आणि ऑस्करही त्यांनाच मिळाले. विल्सन १९७८ साली वारला, फोरमन जून १९८४मध्ये. पटकथेचा तो पुरस्कार दोघांच्या नावे झाला तो त्यानंतर.