शिदोरी, सराई आणि हॉटेलातली पाटी

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. रमजान सुरू होता. खामगावहून चिखलीकडे येताना वाटेतच मगरिबची वेळ जवळ आली, म्हणून रस्त्याकडेच्या एका हॉटेलात आम्ही थांबलो. अम्मीने पिशवीतून खजुराचा डबा, कापलेलं टरबूज आणि घरून तळून आणलेली भजी काढून टेबलावर मांडायला सुरुवात केली. तेवढ्यात पोऱ्या आला आणि भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, "मावशी, बाहेरचं चालत नाही इथं." भिंतीवर लाल अक्षरांत पाटी होती : बाहेरील खाद्यपदार्थ आणून खाण्यास सक्त मनाई आहे. अम्मीने एक शब्द न बोलता डबे बंद केले. त्या दिवशी आम्ही गाडीच्या बॉनेटवर रोजा सोडला.

मला राग आला होता. मनात लगेच नको ते हिशेब सुरू झाले. घरी पोहोचेपर्यंत मी बडबडत होतो. अम्मीने मात्र एवढंच विचारलं, "दुकान त्याचं आहे. बसण्याआधी आपण त्याला विचारलं होतं का?"

या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असंच होतं. पण त्यामुळे एक दुसरा प्रश्न डोक्यात राहिला. मुसाफिराने स्वतःचं अन्न सोबत घेऊन थांबणं ही आपल्याकडची जुनी रीत. ते अन्न मुक्कामाच्या जागी उघडायला मनाई कधीपासून झाली?

आपल्याच जिल्ह्यात या प्रश्नाची एक खूण आहे. सैलानी बाबांच्या दर्ग्याला जाणाऱ्या प्रत्येकाला पिंपळगाव सराई हे नाव माहीत असतं. आपण ते सहज उच्चारतो, पण 'सराई' या शब्दाकडे लक्ष देत नाही. सराई म्हणजे मुसाफिरांनी उतरण्याची जागा. बुऱ्हाणपूर हे मुघलांचं दख्खनमधलं मोठं ठाणं. तिथून दक्षिणेकडे येणारे रस्ते आपल्या परिसरातून आणि शेजारून जात. रोहिणखेडच्या घाटाने फौजा गेल्या, तिथे लढाया झाल्या. खुदावंत खान महदवीने १५८२च्या सुमारास बांधलेली मशीद आजही त्या गावात उभी आहे. पलीकडे अजिंठ्याच्या डोंगराखाली फर्दापूरला मुघल काळातली भक्कम सराई आहे. मोठा दरवाजा, आत प्रशस्त चौक आणि चारी बाजूंनी कमानींच्या खोल्या.

सराईत काय मिळत असे? भिंतीचा आडोसा, विहिरीचं पाणी, जनावराला जागा आणि चुलीपुरती जमीन. जेवण ज्याचं त्याने पाहायचं. कणिक, डाळ, तूप, लाकडं बाजारातून आणायची आणि स्वतः रांधायचं, नाहीतर भटियाऱ्याला चार पैसे देऊन रांधून घ्यायचं. म्हणजे सराईत 'बाहेरचे खाद्यपदार्थ' असा काही प्रकारच नव्हता. सगळंच बाहेरचं होतं.

शेरशाह सूरीने (कारकीर्द १५४० ते १५४५) उत्तरेत बांधलेल्या सरायांचं वर्णन अब्बास खान सरवानीने केलं आहे. त्यात हिंदू आणि मुसलमानांसाठी राहण्याची वेगळी सोय होती, दरवाजाशी पाण्याचे रांजण भरलेले असत आणि हिंदू मुसाफिरांच्या खाण्यापिण्याची व्यवस्था पाहायला ब्राह्मण नेमलेले होते. छत एकच, पण चुली वेगळ्या. आज आपल्याला ते खटकेल. त्या काळी मात्र दोघांनाही एकाच जागी निर्धास्त झोपता येईल असा तो बंदोबस्त होता.

शिदोरीला आपल्या दीनमध्येही ओळखीची जागा आहे. सूरह कहफमध्ये हजरत मूसा अलैहिस्सलाम प्रवासाला निघतात तेव्हा सोबत मासा घेतात. त्याच सूरहमध्ये पुढे एका वस्तीचे लोक या मुसाफिरांना जेवू घालायला नकार देतात. सोबत नेलेलं अन्न आणि नाकारलेली मेहमाननवाजी, प्रवासाच्या या दोन्ही बाजू एकाच किश्श्यात येतात.

पण शिदोरीचा इतिहास फक्त गोड नाही. लोक घरचं अन्न का बांधून नेत? गरिबी हे एक कारण. दुसरं कारण विटाळाचं. सोवळं पाळणाऱ्याला परक्याच्या हातचं चालत नसे. ज्याला अस्पृश्य ठरवलं होतं, त्याला परका हात लावू देत नसे. मुसलमान हलालची खात्री नसेल तर हात आखडता घेई. एकाच झाडाखाली चार फडकी उघडली जात, पण चारही जणांची पाठ एकमेकांकडे असे. आणि यात आपण अगदी निराळे होतो असं म्हणून सुटका नाही. अमक्या बिरादरीच्या घरचं पाणीसुद्धा नको, असं म्हणणारे बुजुर्ग आपल्याही घरांत होऊन गेले.

मग रेल्वे आली. १८६७ मध्ये मुंबईहून निघालेली लोहमार्गाची वाट मलकापूर, नांदुरा, शेगाव करत नागपूरला पोहोचली. १८७० मध्ये कापसासाठी जलंब ते खामगाव फाटा सुरू झाला. डब्यात सगळे एका बाकावर आले, पण फलाटावर 'हिंदू पाणी' आणि 'मुस्लिम पाणी' अशा आरोळ्या देशभर ऐकू येत. स्वातंत्र्य येईपर्यंत ही पद्धत चालली. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी वेगळी कपबशी असे. ती त्यांनीच विसळून ठेवायची.

या पार्श्वभूमीवर हॉटेल नावाची गोष्ट किती मोठी होती ते लक्षात येतं. मुंबई-पुण्यात इराण्यांची हॉटेलं उभी राहिली. त्यांत पारशी धर्माचे इराणी होते तसे मुसलमान इराणीही होते. मुंबईचं कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. तिथे पैसे टाकणाऱ्याला कुणी जात विचारत नसे. एकाच भट्टीचा ब्रून मस्का आणि एकाच किटलीतला चहा गिरणी कामगार, वकील आणि हमाल यांना मिळे. शिदोरी सोडून दुसऱ्याच्या हातचं खाणं, तेही कुणाच्याही शेजारी बसून, ही साधी गोष्ट नव्हती.

गंमत म्हणजे सूचनांच्या पाट्यांसाठीही हीच इराणी हॉटेलं प्रसिद्ध झाली. हे करू नका, ते करू नका, उगाच बसू नका. निस्सीम इझिकेल यांनी अशा सूचनांवर एक इंग्रजी कविताही लिहिली. या पाट्यांमागे सरळ हिशेब होता. एक कप चहा घेऊन माणूस दोन तास बसला तर खुर्ची अडते, आणि हॉटेलवाल्याचं पोट खुर्ची रिकामी होण्यावर अवलंबून असतं. बाहेरचे पदार्थ आणण्याच्या मनाईमागेही तोच हिशेब आहे. सराई जागा देत होती आणि जेवण तुमच्यावर सोडत होती. हॉटेल जेवण विकतं आणि त्यासोबत जागा देतं. आपण घरचा डबा उघडतो तेव्हा त्याची जागा, पंखा, पाणी आणि टेबल पुसणाऱ्या पोऱ्याची मेहनत फुकट वापरत असतो.

घटनेच्या कलम १५ ने दुकानं, उपाहारगृहं आणि हॉटेलांत धर्म, जात, लिंग अशा कारणांवरून प्रवेश नाकारायला बंदी केली. १९५५ च्या कायद्याने अस्पृश्यता पाळणं गुन्हा ठरवलं. सार्वजनिक भांडी वापरण्याचा हक्क सांगताना त्या कायद्यात हॉटेल आणि धर्मशाळेसोबत सराई आणि मुसाफिरखाना हे शब्दही आले आहेत. म्हणजे माणसाला अडवता येणार नाही, हे ठरलं. त्याच्या डब्याचं काय, हा प्रश्न उरला.

तो महाराष्ट्रात गाजला २०१८ मध्ये, चित्रपटगृहांच्या निमित्ताने. मल्टिप्लेक्समधल्या पॉपकॉर्नच्या किमतींवरून आंदोलनं झाली, मुंबई उच्च न्यायालयात याचिका होती, आणि जुलैमध्ये नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांनी बाहेरचे पदार्थ नेता येतील असं जाहीर केलं. पुढच्याच महिन्यात सरकारने न्यायालयात सुरक्षेचं कारण देत वेगळी भूमिका घेतली. जम्मू-काश्मीरच्या अशाच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ३ जानेवारी २०२३ रोजी निकाल दिला. चित्रपटगृह ही खासगी मालमत्ता आहे आणि बाहेरचे पदार्थ आणायला मालक मनाई करू शकतो. कुणी जिलेबी आणून हात खुर्चीला पुसले तर काय, असा सवालही सुनावणीत झाला. पण त्याच वेळी न्यायालयाने दोन गोष्टी नमूद केल्या. पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे, आणि तान्ह्या बाळासाठी आईबापांनी आणलेलं अन्न अडवायचं नाही.

तो निकाल चित्रपटगृहांचा होता, पण मला त्यात सराईच्या दरवाजातला रांजण दिसला. व्यापाराचा हक्क मान्य केला तरी मुसाफिराचा थोडा हक्क शिल्लक राहतोच.

आणि आपल्याकडे तो अजून पाळलाही जातो. शेगावची कचोरी घ्या. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगावच्या स्टेशनावर ती विकायला सुरुवात केली. घरदार सोडून आलेल्या माणसाचा हा पदार्थ आज जिल्ह्याची ओळख आहे. पुडकं बांधून घ्यायचं, पुढच्या टपरीवर चहा मागवायचा आणि तिथेच उघडायचं. चहावाला काही म्हणत नाही, कारण त्याचा चहा खपतो. सैलानीच्या यात्रेत तर लोक पीठमीठ घेऊनच येतात आणि मोकळ्या रानात चुली मांडतात. सराई जिवंत पाहायची असेल तर तिथे जावं.

तेव्हा अदब काय? आधी विचारावं. विचारण्यात कमीपणा नाही. काहीतरी त्याचंही घ्यावं, निदान सगळ्यांसाठी चहा. आपला कचरा आपण उचलावा. शाकाहारी हॉटेलात मटणाचा डबा उघडू नये. पाटी असो वा नसो, तिथे माळकरी बसलेला असतो आणि त्याच्या घासाची आपल्यावर जबाबदारी असते. आमचे अब्बा हे कटाक्षाने पाळत. हॉटेलवाल्यांनीही बाळाची वाटी, आजाऱ्याचं पथ्य, कुणाचा उपवास आणि कुणाचा रोजा यांच्यापुढे पाटी थोडी मागे घ्यावी.

गेल्या रमजानमध्ये त्याच रस्त्याने पुन्हा येणं झालं. मुद्दाम त्याच हॉटेलापुढे गाडी थांबवली. या वेळी आधी गल्ल्याशी गेलो आणि म्हणालो, "रोजा सोडायचा आहे, सोबत घरचं थोडं खायला आहे. बसलं तर चालेल का?" मालकांनी मान वर केली. "मटण-मच्छी नाही ना काही?" मी म्हणालो, "नाही, खजूर आणि भजी." त्यांनी पोऱ्याला हाक मारली, "त्या कोपऱ्यातलं टेबल पूस, आणि पाण्याचा जग ठेव." अम्मीने पहिला खजूर त्या पोऱ्याच्या हातावर ठेवला. मग आम्ही सहा चहा आणि दोन प्लेट मिसळ मागवली.