वेळापत्रकातला शेवटचा तास



स्मरणिकेसाठी लेख मागितला गेला तेव्हा एक गोष्ट उघड होती. खोड्या, सहली, गॅदरिंग आणि छड्यांच्या आठवणी लिहिणारे आपल्यात पुष्कळ आहेत, आणि ते माझ्यापेक्षा चांगले लिहितील. मला इतिहासाची आवड. म्हणून मी एका साध्याच वस्तूचा इतिहास लिहायला घेतला आहे. ती वस्तू म्हणजे आपल्या वर्गाच्या भिंतीवर चिकटवलेले वेळापत्रक.

आठवून पाहा. मराठी, हिंदी, इंग्रजी, बीजगणित, भूमिती, विज्ञान, इतिहास-नागरिकशास्त्र, भूगोल. आणि दिवसाच्या शेवटी, सगळे दमलेले असताना, चित्रकला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव. नव्वदच्या दशकात आपण शिकत होतो तेव्हा हे विषय जणू शाळेच्या भिंतींबरोबरच बांधले गेले असावेत असे वाटायचे. खरे तर प्रत्येक विषय कुठल्या तरी काळात, कुणाच्या तरी आग्रहाने त्या कागदावर आला आहे. काही विषय आले आणि निघूनही गेले.

इंग्रजी अमलाच्या आधीच्या पंतोजींच्या शाळेत विषय मोजकेच होते. मुले धूळपाटीवर अक्षरे गिरवीत, मोडी लिहायला शिकत, पाढे म्हणत. पत्र लिहिता यावे आणि हिशेब ठेवता यावा, एवढीच शाळेकडून अपेक्षा होती. इतिहास, भूगोल, विज्ञान असे वेगळे तास नव्हते. शाळेत जाणारी मुले थोड्याच घरांतली, आणि मुली जवळजवळ नाहीतच. मुंबई इलाख्यात हे चित्र आधी बदलू लागले. जॉर्ज जर्व्हिस यांनी १८२० च्या दशकात गणिताची पुस्तके मराठीत आणली, दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये छापून निघाले, आणि १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली. आपले वऱ्हाड तेव्हा निजामाच्या राज्यात होते. १८५३ च्या तहाने ते इंग्रजांच्या कारभाराखाली आले आणि त्यानंतर इकडे सरकारी शाळा उभ्या राहू लागल्या. आपल्या जिल्ह्याचे नावही तेव्हा यवतमाळ नव्हते. तो वणी जिल्हा होता, १९०५ मध्ये यवतमाळ झाला.

नव्या शाळांबरोबर व्याकरण, इतिहास, भूगोल हे विषय आले. जुन्यांपैकी मोडी बरीच वर्षे टिकली आणि स्वातंत्र्यानंतर शाळेतून गेली. म्हणूनच आपल्यापैकी कित्येकांच्या घरी पेटीत जपलेले पणजोबांचे शेताचे कागद आज कुणालाच वाचता येत नाहीत. शाळेतून एक विषय गेला की घरातले काय काय मुके होते, याचे हे उदाहरण आहे.

गणिताचे तसेच. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ असत. ती निव्वळ घोकंपट्टी नव्हती. रुपयाचे आणे सोळा, मणाचे शेर चाळीस, खंडीचे मण वीस. कापसाच्या गाडीचा हिशेब अडत्याच्या दुकानात उभ्या उभ्या करायचा तर दिडकी-अडीचकी तोंडावर असावीच लागे. १ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्यानंतर मण-शेर जाऊन किलो-क्विंटल आले आणि ते पाढे अंकलिपीच्या मागच्या पानांवर सरकले. बाजार बदलला, म्हणून गणित बदलले.

भाषांच्या तासांतही आपल्या भागाचा इतिहास बसलेला आहे. १९०३ पासून वऱ्हाडाचा कारभार मध्य प्रांताबरोबर चालू लागला. नागपूर ही हिंदी आणि मराठी अशा दोन्ही भाषा बोलणाऱ्या प्रांताची राजधानी होती. त्यामुळे हिंदी इकडे केवळ पुस्तकातून आलेली नाही. ती कचेरीतून, रेल्वेतून, बाजारातून आधीच आलेली होती. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १ मे १९६० ला महाराष्ट्रात आला. मग अभ्यासक्रम आणि परीक्षा एकसारख्या करण्याचे काम सुरू झाले. १९६५ च्या कायद्याने माध्यमिक शिक्षणाची राज्य पातळीवरची व्यवस्था झाली, तिची विभागीय मंडळे पुणे आणि नागपूर येथे होती. २७ जानेवारी १९६७ ला बालभारती स्थापन झाली. तेव्हापासून कोकणातले पोर आणि बोरी अरबचे पोर एकच धडा वाचू लागले. इंग्रजी आपल्याला पाचवीत भेटली, आपल्या मुलांना पहिलीतच, कारण २००० पासून राज्याने ती पहिलीपासून सुरू केली.

एकाच पुस्तकाचा फायदा मोठा होता, पण त्यात आपले गाव कुठे दिसणार? तिसरीच्या भूगोलाने ही उणीव थोडी भरून काढली, कारण ते पुस्तक जिल्ह्याचे होते. आपल्या भागातली अडाण पैनगंगेला मिळते, पैनगंगा वर्धेला, वर्धा आणि वैनगंगा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीत जाते. पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले म्हणून खोळंबणाऱ्या माणसाला हे पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जाते हे कळणे, यालाच भूगोल शिकणे म्हणतात. इतिहासात मात्र आपण दांडीचे मीठ पाठ केले. त्याच वर्षी, १० जुलै १९३० ला, आपल्याच जिल्ह्यात पुसदला बापूजी अणे यांनी राखीव जंगलातले गवत कापून जंगल सत्याग्रह सुरू केला, हे आपल्यातल्या बहुतेकांना शाळा सोडल्यावर कळले असेल.

आता त्या शेवटच्या तासाकडे येतो, कारण हा लेख मुळात त्याच्यासाठीच आहे.

१८८२ मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादीच त्यांनी त्यात दिली. मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, थोडा इतिहास, भूगोल व व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचे प्राथमिक ज्ञान, आरोग्य व नीतीचे काही धडे. शेतकऱ्याच्या मुलाला शाळेत शेतीही भेटावी, ही मागणी इतकी जुनी आहे.

पंचावन्न वर्षांनी तीच गोष्ट आपल्या शेजारच्या जिल्ह्यात पुन्हा मांडली गेली. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. त्यातून झाकीर हुसेन समितीची योजना तयार झाली, जिला आपण नई तालीम म्हणतो. सात वर्षांचे मोफत व सक्तीचे शिक्षण, तेही मातृभाषेतून आणि एखाद्या हस्तोद्योगाच्या आधाराने. सूतकताई, विणकाम, शेती, सुतारकाम असा उद्योग धरायचा, आणि गणित, विज्ञान, समाजशास्त्र त्याच्याशी जोडून शिकवायचे. समितीने आखलेल्या साडेपाच तासांच्या शाळेत ३ तास २० मिनिटे हस्तोद्योगाला होती. त्याच सुमारास आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना आली. गावातच जमीन मिळवून तिच्या उत्पन्नावर शाळा चालवावी, असा तिचा विचार होता. १९३९ मध्ये प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि पुढचे बरेच काही राहून गेले.

तिसऱ्यांदा ही गोष्ट कोठारी आयोगाने सांगितली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या या आयोगाचे सदस्य-सचिव आपले जे. पी. नाईक होते. आयोगाने कार्यानुभव हा शालेय शिक्षणाचा आवश्यक भाग मानला. आपल्या वेळापत्रकातला कार्यानुभव तिथून आलेला आहे. म्हणजे ज्या तासाला आपण कागदी फुले केली, खडू भरले, मैदानातले गवत उपटले, मुलींनी रुमालावर टाके घातले आणि बरेचदा गणिताचा राहिलेला भाग उरकला, तो तास फुले, गांधी आणि कोठारी यांच्या विचारांचा वारस होता. ३ तास २० मिनिटांचे आठवड्यातले एक-दोन तास झाले होते, आणि तेही शेवटचे.

असे का झाले? याचा दोष शिक्षकांना देता येत नाही. दहावीच्या परीक्षेचे एकूण गुण साडेसातशे होते. भाषांचे तीनशे, गणिताचे दीडशे, विज्ञानाचे दीडशे, सामाजिक शास्त्रांचे दीडशे. कार्यानुभव, चित्रकला, शारीरिक शिक्षण यांना श्रेणी होती, गुण नव्हते. ज्याला गुण त्यालाच तास, ज्याला तास त्यालाच मान. पालकांनी तेच धरले, शाळेनेही तेच धरले, आणि आपणही एकमेकांना त्याच मापाने मोजू लागलो.

या मापाची किंमत काहींनी फार मोठी मोजली. आपल्या पहिलीच्या वर्गात जेवढी मुले होती तेवढी दहावीच्या निकालात नव्हती. निकालात होती त्यांच्यातलीही काही इंग्रजीत किंवा गणितात अडली. दोन-चार गुणांसाठी एक विषय गेला आणि शाळा तिथेच संपली. मुलींच्या बाबतीत तर ऑक्टोबरच्या परीक्षेची वाटसुद्धा फारशी कुणी पाहिली नाही, लग्नाची बोलणी सुरू झाली. एटीकेटीची सोय, काही वर्षे चाललेला सामान्य गणिताचा पर्याय, हे सगळे आपल्यानंतर आले. हीच मुले शेवटच्या तासाला आपल्या पुढे असायची. कुणाचे चित्र बोलके, कुणाचा हात यंत्रावर बसलेला, कुणाला पऱ्हाटीवरची अळी पान न उलटता ओळखू यायची. शाळेच्या दहा विषयांत ती सहा-सात विषयांत पास होती. गुणपत्रिकेने त्यांना नापास म्हटले आणि आपण ते मान्य केले.

म्हणून स्नेहमेळाव्याच्या यादीकडे मी जरा वेगळ्या नजरेने पाहतो. दहावी पास होऊन पुण्या-मुंबईकडे, नागपूरकडे गेलेल्यांचे नंबर लगेच सापडतात. गावातच राहिलेल्यांचे नंबर सगळ्यांकडे असतात, पण त्यांना बोलावताना आपण थांबतो, आणि बोलावले तर तेच संकोचाने येत नाहीत. वर्गमित्र ही ओळख दहावीच्या निकालावरून ठरत नाही. पहिलीच्या हजेरीपटात ज्याचे नाव होते तो आपला वर्गमित्र.

चौथ्यांदा हीच गोष्ट २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात आली आहे. सहावी ते आठवीच्या मुलांनी त्या काळात कधीतरी दहा दिवस दप्तराशिवाय शाळेत यावे आणि गावातल्या सुतार, माळी, कुंभार अशा कारागिरांकडून काम शिकावे, असे त्यात म्हटले आहे. अभ्यासाचे विषय आणि अभ्यासाबाहेरचे विषय असा भेद ठेवू नये, असेही आहे. १८८२, १९३७, १९६६ आणि २०२०. कागदावर ही गोष्ट चारदा उतरली. गावात ती उतरायची तर कुणीतरी माणूस वर्गात उभा राहावा लागतो, आणि तो माणूस कोणत्याही आयोगाला पाठवता येत नाही.

तो आपल्याकडे आहे, म्हणून माझी एक सूचना आहे. माजी विद्यार्थी म्हणून आपण शाळेला काहीतरी देणार आहोत. प्रवेशद्वार, पाण्याचा कूलर, टीव्ही यांवर चर्चा होईल, आणि त्या वस्तूही लागतातच. त्याबरोबर आपण दहा दिवस द्यावेत. आपल्यात वायरमन आहेत, शिलाईकाम करणाऱ्या मैत्रिणी आहेत, मोटार दुरुस्त करणारे आहेत, दवाखान्यात काम करणाऱ्या परिचारिका आहेत, बँकेत आहेत, आणि सर्वांत जास्त कास्तकार आहेत. वावरातली माती हातात घेऊन तिच्याबद्दल अर्धा तास बोलू शकणारा कास्तकार मित्र हा कोणत्याही स्मार्ट बोर्डापेक्षा कमी नाही. मुख्याध्यापकांशी बोलून तारखा ठरवता येतील, दर वर्षी दहा जणांनी एकेक दिवस घेतला तरी पुरे.

त्या दहांत पहिली पाच नावे दहावी न झालेल्या वर्गमित्रांची असावीत, एवढाच माझा आग्रह आहे. ज्या वर्गातून ते खाली मान घालून गेले, त्याच वर्गात त्यांना मुलांनी उभे राहून "नमस्ते गुरुजी", "नमस्ते बाई" म्हणावे. यादी करायला मी तयार आहे. मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलाजवळ एक वही ठेवलेली असेल, तिच्यात आपले नाव आणि आपल्याला काय शिकवता येईल ते लिहावे. जो आलेला नसेल त्याच्या घरी आपण दोघे-तिघे मिळून जाऊ.