कांडीची तोफ

धामणकर नाक्याच्या आमच्या खोलीत परवा मी एका रोबोला तोफ बसवली. बाबांच्या मागावरच्या प्लास्टिकच्या कांडीची! रोबो गुंडम, प्रमाण १/१४४. जुलै १९८०मध्ये बांदाईने जपानात असं पहिलं किट काढलं, तेव्हा किंमत होती ३०० येन.

एका किटचे भाग दुसऱ्यात घुसवायचे, याला किटबॅशिंग म्हणतात. १९७७च्या 'स्टार वॉर्स'मधली यानं अशीच सजली होती, रणगाड्यांच्या आणि विमानांच्या किटांमधले बारीक तुकडे चिकटवून.

भिवंडीला यात काय नवल! इथले कितीतरी यंत्रमाग मुंबईच्या गिरण्यांनी मोडीत काढलेले. १९८२च्या संपानंतर तर गिरण्यांचं काम आणखीच इकडे वळलं. बाबांनी या मागाचा भाग त्या मागाला लावत आयुष्यभर कापड काढलं. गेल्या वर्षी त्यांचे माग किलोच्या भावाने भंगारात गेले. ही कांडी तेवढी खिडकीत राहिली होती.

प्रायमर मारण्याआधी त्यांना विचारलं. त्यांनी कांडी बोटांत फिरवली, उजेडात धरली.

"सुताने पडलेल्या रेघा आहेत या. रंगात बुजवू नको."