साहेबांच्या कागदांतली रोपुइलियानी



गटात वाद झाला की आपण म्हणतो, "इतिवृत्ताची वही काढा." पण वही कुणी लिहिली, हेही आपण बघतो. इतिहास वाचतानाही तेच करायचं. आज मिझोरामचं उदाहरण घेऊ.

मिझो लोकांचा इतिहास पूर्वी गाण्यांत आणि गोष्टींत असायचा. १८९४ साली आलेल्या मिशनऱ्यांनी त्यांच्या भाषेसाठी रोमन अक्षरांची वर्णमाला तयार केली. म्हणून त्याआधीचे लेखी कागद बहुतेक इंग्रज अधिकाऱ्यांचेच.

१८७१ मध्ये चहामळ्यांवर हल्ले झाले, मेरी विंचेस्टर ही लहान मुलगी पळवून नेली गेली. कागदांत हे सगळं 'लूटमार' म्हणून येतं. पण चहाचे मळे वाढत वाढत मिझोंच्या शिकारीच्या रानाजवळ आले होते. ही बाजूही बघायला हवी.

आता रोपुइलियानीबाई. वांदुला या सरदाराची ही विधवा गावं सांभाळत होती. इंग्रजांनी घरपट्टी आणि वेठीची माणसं मागितली. तिनं नकार दिला. १८९३ मध्ये शेक्सपियर या अधिकाऱ्यानं तिला पकडलं. १८९५ मध्ये ती चितगावच्या तुरुंगात वारली. सरकारच्या लेखी ती त्रास देणारी बाई. आज मिझोराममध्ये तिचं नाव अभिमानानं घेतात. तिनं स्वतः लिहिलेला कागद मात्र एकही नाही. तिला पकडणाऱ्यांच्याच कागदांतून ती शोधावी लागते.

मग हे कागद फेकून द्यायचे का? नाही. लुइन हा अधिकारी त्यांची भाषा शिकला, लोक त्याला 'थांगलियाना' म्हणत. शेक्सपियरनं १९१२ च्या पुस्तकात घरं, चालीरीती, लोककथा नोंदवल्या. त्या उपयोगी आहेत. पण ते राज्य चालवायला आले होते, हे विसरून चालणार नाही. पुढे लियांगखाइया यांनी मिझो भाषेतच आपल्या लोकांचा इतिहास लिहिला.

म्हणून कुठलाही जुना कागद हातात आला की आपण तीन गोष्टी विचारू. लिहिलं कुणी? कशासाठी? आणि कुणाला बोलूच दिलं नाही? आपल्या गावच्या जुन्या नोंदींतही बायकांची नावं शोधून पाहू. जी सापडणार नाहीत, ती म्हाताऱ्या बायांना विचारून आजच वहीत लिहून ठेवू.