काटा, चिखल आणि कातळ: हिंगोलीच्या वाटांवरची वहाण

हिंगोलीच्या माळावर वहाणेचा पहिला वैरी दगड नव्हे, काटा. बाभळीचा पांढरा, बोटाएवढा लांब काटा, बोरीचा आकडा, आणि बांधाबांधाने पसरलेले सराटे. काटा आत मोडून राहिला की त्या जागी कुरूप धरते आणि ऐन पेरणीत गडी लंगडू लागतो. म्हणून इथल्या जुन्या वहाणेचा तळ जाड असे. मऊ मात्र कधीच नसे. आज डोंगर चढायला निघालेला माणूस दुकानात एका प्रश्नापाशी अडतो: पायाला जमीन कळेल असा पातळ तळाचा बूट घ्यावा, की फोमची गादी असलेला? या जिल्ह्याच्या वाटांनी त्याचे जे उत्तर काढले होते, ते या दोन्ही खणांत नीट बसत नाही.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हा जिल्हा दख्खनच्या काळ्या कातळावर बसलेला आहे. सेनगाव आणि औंढ्याकडच्या टेकड्यांवर मुरूम, त्यावर सुटे गोटे, मधूनच गारगोटीच्या धारदार कपच्या. खाली कयाधू आणि पूर्णेच्या खोऱ्यांत काळी माती. पाऊस पडला की ती तळाला असे थर धरते की पाऊल उचलणे जिवावर येते. माळावर तळ हवा आणि रानात नको, असा हा मामला. त्यामुळे झटकन निघणारी, काखोटीला मारून चिखल तुडवता येईल अशी वहाणच इथे टिकली.

ती गावातच घडे. चांभाराला मोबदला रोख मिळत नसे. सुगीत खळ्यावर बलुते मिळे. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’त या देवघेवीचे बारकावे नोंदवून ठेवले आहेत. मेलेले ढोर ओढणे, कातडे कमावणे, जोडा शिवणे ही कामे वेगवेगळ्या जातींच्या माथी मारलेली होती. कातडे कमवायला चुना, हिरडा आणि बाभळीची साल लागे. ज्या झाडाचा काटा टोचायचा, त्याच झाडाच्या सालीने तो अडवणारा तळ टणक होई.

शेतकरी कातड्यावर पाय ठेवी आणि चांभार कोळशाने भोवती रेघ ओढी. भिजवलेले जाड कातडे दगडावर ठोकून दाबायचे, रापीने कापायचे, थरावर थर ठेवून आरीने भोके पाडायची आणि कातड्याच्याच वादीने शिवायचे. टाचेला नाल ठोकायची. वर अंगठा आणि पट्टा, एवढाच साज. नवी वहाण काही दिवस पायाला चावायचीच; तिला तेल पाजून मऊ करावे लागे. पुढे ती धन्याच्या पायाचा ठसा असा घेई की दुसऱ्याला ती कधी नीट बसत नसे.

आजच्या डोंगरी बुटांपैकी अनेकांत तळाच्या पोटात एक पातळ टणक पट्टी बसवतात, दगडाचे टोक वर येऊ नये म्हणून. कातड्याचे ठोकलेले थर तेच काम करीत. पण टाच आणि चवडा जवळपास एका पातळीत, बोटे मोकळी आणि पाय जमिनीपासून फारसा वर नाही. गोट्यावर पाऊल वाकडे पडले तर घोटा मुरगळण्याआधी सावरायला सवड राही. धक्का सोसण्याचे काम वहाणेचे नव्हतेच. ते पोटरीचे, गुडघ्याचे आणि तळव्याचे.

सगळ्यांच्या पायांत वहाण होती असे मात्र नाही. रानात राबणाऱ्या बायका बहुतेक अनवाणीच असत. दलितांना वरच्या आळीतून जाताना वहाण काढून हातात घ्यावी लागे, आणि कुणी कोरा जोडा घालून मिरवला तर मार खावा लागे. १९२७ साली महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेली ढोरे ओढण्याचे काम सोडून द्या असे सांगितले. त्यानंतरच्या दशकांत, निजामाचे राज्य १९४८ साली जाईपर्यंत आणि पुढेही, गावोगावी कातड्याची ती साखळी सुटत गेली. पुढे वहाण महाग झाली, त्यामागे हा स्वाभिमानाचा इतिहासही आहे.

अनवाणी पायाची ताकद विज्ञानाने अलीकडे मोजली. २०१९ साली निकोलस होलोव्का, डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये केनियातल्या लोकांवरचा अभ्यास छापला. अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्याला जाड घट्टे होते, तरी जमिनीचा स्पर्श त्यांना तितकाच कळत होता. औंढ्याच्या माळावर राबणाऱ्या कुणालाही यात नवल वाटले नसते. पण बाभळीच्या काट्यापुढे घट्टा हात टेकतो. मग दाभणाने किंवा दुसऱ्या काट्यानेच तो काढायचा आणि वर बिब्ब्याचा चटका द्यायचा, हा गावठी इलाज ठरलेला.

बंद बूट हिंगोलीत रुळला तो छावणीत. १८१९ ते १९०३ या काळात इथे हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती: खर्च निजामाचा, हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा. तळाला खिळे मारलेला लष्करी बूट मातीत घट्ट रुततो, पण गुळगुळीत कातळावर लोखंड सरकते. शिवाय मराठवाड्याच्या उन्हात बंद बुटात पाय शिजतो आणि काळ्या मातीत बूट चिखलासकट जड होतो. कवायतीच्या मैदानावर शोभणारा हा प्रकार कुणब्याने उचलला नाही.

युरोपातल्या गिर्यारोहकांनाही खिळ्यांचा जाच होताच. १९३५ साली इटलीच्या डोंगरात सहा गिर्यारोहक दगावले. त्यांच्या पायांतले जोडे त्या थंडीपुढे आणि खडकापुढे अपुरे होते. त्यांच्याबरोबर गेलेल्या विताले ब्रामानी यांनी त्यानंतर खाचांचा रबरी तळ बनवला. त्याच तळाची ‘विब्रम’ ही कंपनी.

हिंगोलीच्या खेड्यांत रबर आले ते मोटारीच्या चाकावरून. झिजलेल्या टायरचा तुकडा कापून केलेली चप्पल बाजारच्या दिवशी मिळू लागली आणि रानातल्या माणसाने ती लगेच जवळ केली. काटा तिच्या पार जात नाही, पावसाने ती कुजत नाही, टायरच्या नक्षीमुळे मुरमाच्या घसाऱ्यावर पाय धरून राहतो. वजन मात्र भरपूर. कोल्हापुरीला पुढे भौगोलिक मानांकन मिळाले, तेही महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना. मराठवाड्याच्या वहाणेला आणि टायरच्या चपलेला नाव लावायला कुणी आले नाही.

गंमत अशी, की मेक्सिकोच्या दऱ्यांतले ताराहुमारा लोकही टायरचेच तळ पायाला बांधून मैलोन्‌मैल पळतात. ख्रिस्तोफर मॅकडुगल यांनी २००९ साली ‘बॉर्न टू रन’मध्ये त्यांची कथा सांगितली आणि पाश्चात्त्य धावपटूंत पातळ तळाची लाट आली. विब्रमचे पाच बोटांचे बूट त्या लाटेवर धडाक्याने खपले. या बुटांनी पाय बळकट होतो, दुखापत कमी होते, हे दावे सिद्ध नसल्याची तक्रार कोर्टात गेली आणि २०१४ साली कंपनीने ३७.५ लाख डॉलरवर तडजोड केली. योगायोगाने २००९ सालीच फ्रान्समध्ये ‘होका’ ही कंपनी निघाली होती. डोंगर भरधाव उतरता यावा म्हणून तिने तळाचा फोम आणखी जाड केला, आणि वारे फिरले.

हिंगोलीत फोमला खरे काम दिले ते डांबराने. शेगावहून निघणारी गजानन महाराजांची पालखी सेनगाव, नरसी, औंढा, जवळा बाजार अशी जिल्ह्यातून पंढरीकडे जाते. नरसी हे नामदेवांचे जन्मगाव. ते तर पंजाबातल्या घुमानपर्यंत गेले. त्या काळची वाट मातीची आणि मुरमाची होती, प्रत्येक पाऊल वेगळे पडायचे. आता दिवसभर एकाच कठीण, सपाट रस्त्यावर तेच पाऊल हजारो वेळा आपटते, आणि दिंडीत स्पंजच्या चपला नि खेळाचे बूट सर्रास दिसतात. शेगावहून पंढरपूरपर्यंतचे अंतर सातशे किलोमीटरहून अधिक. तिथे टाचेखालचा मऊ थर उपयोगी पडतो. होलोव्कांच्या अभ्यासात एक दुसरी बाजूही निघाली होती: मऊ तळाने पहिला तडाखा सौम्य होतो, पण एकेका पावलागणिक सांध्यांना मिळणारा एकूण रेटा वाढतो.

तेव्हा औंढ्याच्या टेकडीवर जाणाऱ्याने आधी तळ अंगठ्याने दाबून पाहावा. बोट सहज रुतत असेल तर बाभळीचा काटाही रुतेल. बूट पिळून पाहावा. फडक्यासारखा पिळला गेला तर कपचीचे टोक तळव्याला लागणार. फोम फार उंच असेल तर गोट्यांवर घोटा कलंडतो, हे उतारावर लगेच कळते. सवय नसलेल्याने एकदम पातळ तळावर जाऊ नये. पोटरी आणि टाचेची शीर दुखणे धरते. सह्याद्रीत भटकणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षे स्वस्तातले कॅनव्हासचे ‘हंटर’ वापरले, ते याच हिशेबाने: तळ रबरी आणि बसका, घोटा झाकलेला, चिखल धुऊन टाकला की झाले.

जिथे मोची बसतो तिथे आज वहाणेपेक्षा खेळाचे बूटच जास्त येतात. गिऱ्हाईक पुष्कळदा कोरा बूट घेऊन येते आणि घालण्याआधीच कडेने शिवून मागते, कारण उन्हाळ्यात नुसत्या चिकटवलेल्या तळावर कुणाचा भरवसा नाही. आरी तीच, फक्त वादीऐवजी नायलॉनचा दोरा. कातड्याच्या वहाणेला झिजल्यावर नवा थर लावता येई. फोम दबून बसला की त्याला मोचीकडे इलाज नाही. शिवण शाबूत असली तरी जोड टाकून नवा घ्यावा लागतो.