लोखंडी नांगराची गोष्ट



नवीन अवजार, नवीन बियाणे गावात आले की पारावर पहिला प्रश्न निघतो, "जमीन तर नाही ना बिघडणार?" हा प्रश्न आजचा नाही. शंभर वर्षांहून जुना आहे.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात कडबा कापण्याचे यंत्र आणि पुढे लोखंडी नांगर तयार केला. लाकडी नांगर जमीन नुसती उकरतो. लोखंडी नांगर माती पलटी करतो, खोल गेलेली हरळी-कुंद्याची मुळे वर आणतो. पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीत विष उतरते, असे लोक म्हणत. पहिला नांगर खपायला सुमारे दोन वर्षे लागली. आता गंमत बघा, आजोबांच्या लाकडी नांगराचा फाळही लोखंडीच होता!

आपलेच लोक असे होते असे समजू नका. अमेरिकेत १७९७ साली चार्ल्स न्यूबोल्डने बिडाच्या नांगराचे पेटंट घेतले, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही हेच म्हटले. जमीन नासेल, तण माजेल!

मग नांगर खपला कसा? ज्याने घेतला त्याचे शेत शेजाऱ्यांनी डोळ्यांनी पाहिले म्हणून. १९१० साली औंध संस्थानात, कुंडलजवळच्या माळावर कारखाना हलला, आणि त्या माळाची किर्लोस्करवाडी झाली.

पण बंधूंनो, दर वेळी शंका घेणारा चुकतोच असे नाही. १९६४ साली सी.एस.एच.-१ ही संकरित ज्वारी आली. दाणा भरपूर, पण ताट बुटके. ज्याच्या दावणीला बैल, त्याने कडबा आणायचा कुठून? शिवाय पीक लवकर तयार होई, आणि दाणे भरताना पाऊस सापडला की कणीस काळे पडे. त्याची भाकरी पोरे खात नसत. ही तक्रार अडाणीपणाची नव्हती, अनुभवाची होती. पुढचे वाण काढताना शास्त्रज्ञांना कडब्याचाही विचार करावा लागला.

कापसाचेही तसेच. आपल्या शेजारच्या सुरतेला डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली संकरित-४ हा वाण दिला. व्यापारी लागवडीसाठी आलेला जगातला तो पहिला संकरित कापूस. उत्पन्न वाढले, पण घरचे बी राखायची सोय गेली. २००२ साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. सुरुवातीला बोंडअळी आटोक्यात आली, फवारण्या वाचल्या. पण सगळे शिवार एकाच कापसाचे झाले, कडेला साध्या कापसाच्या ओळी लावायचा सल्ला बहुतेकांनी मनावर घेतला नाही. गुलाबी अळीला त्याची सवय झाली आणि २०१७ साली महाराष्ट्रात तिने बोंडे पोखरून काढली.

म्हणजे न बघता नाकारले तरी नुकसान, न बघता सगळ्या रानात लावले तरी नुकसान.

आता ड्रोनने फवारणी आली आहे, मोबाईलवर हवामान येते. शहाद्यापासून धडगावपर्यंत हे प्रश्न पुन्हा निघणारच. तेव्हा एवढे करा.

१. नवीन वाण आधी चार ओळींत लावा. शेजारी जुना वाण, पेरणी एकाच दिवशी, खत-पाणी सारखे.

२. दाणा, कडबा, खर्च आणि मजुरी वहीत लिहा. नुसत्या उत्पन्नावर जाऊ नका.

३. बियाण्याची पावती, पिशवी, लेबल आणि मूठभर बी जपून ठेवा.

४. दुकानदाराच्या शब्दावर थांबू नका. सहाय्यक कृषी अधिकाऱ्याला विचारा, कृषी विज्ञान केंद्रात जा, आणि ज्याने आधी वापरले त्याच्या बांधावर जाऊन बघा.

५. घरातल्या बाईमाणसाला विचारा. भाकरी कशी होते, निंदणीला किती दिवस लागतात, हे तिलाच ठाऊक.

शंका जरूर घ्या. पण ती पारावर ठेवू नका, वावरात नेऊन तपासा.